घड्याळ हळू चालतंय म्हणजे ते उलटं फिरायच्या वाटेवर आहे असं नाही: टाइम ट्रॅव्हलबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकाने विचारलंय की वेग वाढला की घड्याळ हळू होतं, प्रकाशाच्या वेगाला ते थांबतं, तर मग प्रकाशापेक्षाही जोरात गेलो की घड्याळ उलटं फिरेल आणि आपण भूतकाळात जाऊ, बरोबर ना? जोडीला दोन प्रश्न आणखी आहेत, मागे जाऊन कुणी आपल्याच आजोबांना मारलं तर काय, आणि २०२२ मध्ये लॅबमध्ये वर्महोल, म्हणजे दोन लांबच्या जागांना जोडणारा बोगदा, बनवला अशी बातमी होती ते खरं का.

मी सत्तावीस वर्षं एमएस्सीला रिलेटिव्हिटी, म्हणजे आइन्स्टाईनची सापेक्षता, शिकवतोय आणि यातला पहिला प्रश्न दरवर्षी येतोच, दर बॅचला कुणीतरी विचारतं, आणि मला तो आवडतो कारण त्यात एक चूक आहे जी नीट समजली की अख्खा विषय उलगडतो. चूक अशी की पुढे जाणं आणि मागे जाणं ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत असं आपण धरून चालतो. ती तशी नाहीत. पुढच्या काळात जाणं हा वेगाचा आणि ग्रॅव्हिटीचा खेळ आहे, तो रोज चालू आहे आणि मोजलेला आहे. मागे जाणं हा वेगाचा प्रश्नच नाही, तो स्पेसटाइमच्या, म्हणजे जागा आणि काळ मिळून होणाऱ्या रचनेच्या, आकाराचा प्रश्न आहे आणि त्याचं बिल वेगळ्याच चलनात भरावं लागतं.

आधी घड्याळ म्हणजे काय ते बघू. समजा दोघं जण ठाण्याहून पुण्याला निघाले, एक एक्स्प्रेसवेने गेला आणि दुसरा माळशेज घाट चढून जुन्नर नारायणगाव करत आला. पोचल्यावर दोघांचे ओडोमीटर बघितले तर आकडे वेगळे येणार, आणि याचं आपल्याला काहीच नवल वाटत नाही कारण रस्ते वेगळे होते. मनगटावरचं घड्याळ हा स्पेसटाइममधला ओडोमीटर आहे. दोन घटनांच्या मध्ये तुम्ही कुठल्या रस्त्याने गेलात त्यावर घड्याळाचा आकडा ठरतो. फरक एवढाच की स्पेसटाइमच्या भूमितीत जागेच्या भागापुढे वजाचं चिन्ह असतं, त्यामुळे आडवाटेने गेलेल्याचा आकडा जास्त यायच्या ऐवजी कमी येतो. जो घरी बसून राहिला त्याचा आकडा सगळ्यात मोठा, जो लांब जाऊन परत आला त्याचा लहान. जुळ्या भावांचं जे कोडं पुस्तकात असतं, एक भाऊ रॉकेटने जाऊन आला आणि घरच्यापेक्षा तरुण राहिला, ते एवढंच आहे, त्यात विरोधाभास काही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे या. एखाद्याच्या ओडोमीटरवर कमी किलोमीटर पडले म्हणून त्याचा ओडोमीटर उलटा फिरायला लागलाय असं आपण म्हणत नाही ना? तसंच आहे. वेग वाढवत गेलात तर घड्याळात पडणारी भर कमी कमी होत जाते, पण ती भरच असते. प्रकाशाच्या वेगाला भर शून्य. सूत्र असं की बाहेरच्या वेळेला √(१ − वेग²/प्रकाशवेग²) ने गुणायचं, आणि त्यापुढचा वेग त्यात घातला तर उत्तर ऋण येत नाही, वर्गमुळाच्या आत ऋण संख्या येते, म्हणजे उत्तर गणिताच्या अर्थाने काल्पनिक संख्या येतं. कॅल्क्युलेटरवर करून बघा. सूत्र तिथं सांगतंय की घड्याळ या रस्त्याने जाऊच शकत नाही, ते उलटं फिरेल असं सूत्र कुठंही म्हणत नाही.

प्रकाशापेक्षा वेगवान कण असू शकतील का यावर आपल्याकडच्या माणसांनी गंभीरपणे काम केलंय हेही इथं सांगायला हवं. १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी असा पेपर लिहिला की जन्मापासूनच प्रकाशाहून वेगवान असलेले कण सापेक्षतेत बसवता येतात का, पुढे त्यांना टॅकिऑन हे नाव पडलं. तसे कण असले आणि त्यांच्यातून हवा तसा निरोप पाठवता आला तर मात्र भूतकाळात निरोप पोचवता येतो, पण कारण वेगळं आहे. दोन घटनांमधलं अंतर मधल्या वेळात प्रकाशालाही कापता येत नसेल तर आधी कुठली आणि नंतर कुठली यावर वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांचं एकमत होत नाही, आणि अशा दोन निरीक्षकांनी आपापल्या परीने झटपट निरोप पाठवला की उत्तर प्रश्नाच्या आधी येऊन पडतं. असा कण अजून सापडलेला नाही. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिहलके कण प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले होते, जगभर गाजलं ते, मुख्य चूक ऑप्टिकल फायबरच्या एका सैल जोडणीत निघाली.

पुढे जाण्याचा पुरावा बघायचा तर मी विद्यार्थ्यांना आधी म्युऑन दाखवतो, इलेक्ट्रॉनचाच जड पण अल्पायुषी भाऊ. आमच्या लॅबमध्ये सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, दोन प्लेट एकावर एक ठेवलेल्या आहेत, काळ्या टेपने गुंडाळलेल्या, कुठं टाचणीएवढी फट राहिली तरी खोलीतला उजेड आत शिरून आकडे बिघडतात म्हणून पोरं पहिला अर्धा दिवस टेपच लावत बसतात. दोन्ही प्लेटमध्ये एकाच वेळी चमक झाली की काउंटर एकने पुढे जातो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो, म्हणजे आत्ता तुम्ही तळहात उघडा धरलात तर त्यातून सेकंदाला एखादा आरपार जातोय. रात्रभर मशीन चालू ठेवलं आणि जे म्युऑन प्लेटमध्येच थांबून मोडले, म्हणजे दुसऱ्या कणांत बदलले, त्यांच्या येतानाच्या आणि मोडतानाच्या चमकांमधला वेळ मोजला की सकाळी ग्राफवर आयुष्य मिळतं, २.२ मायक्रोसेकंदांच्या आसपास.

हे कण तयार होतात वर, साधारण १५ किलोमीटरवर, अवकाशातून येणारे वेगवान कण, म्हणजे कॉस्मिक किरण, हवेला धडकतात तिथं. २.२ मायक्रोसेकंदात प्रकाश जातो जेमतेम ६६० मीटर. म्हणजे खाली यायला त्या कणाला तेवीस आयुष्यं लागतील, आणि दर आयुष्याला साधारण ३७ टक्केच उरतात हे धरलं तर खाली हजार कोटींतला एखादा पोचायला हवा. पण काउंटर तर टकटक चालूच असतो. कारण त्या म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने साधारण चाळीसपट हळू चालतंय. म्युऑनच्या दृष्टीने बघितलं तर त्याचं आयुष्य तेवढंच आहे, पण समोरचं वातावरण आकसून पावणेचारशे मीटरचं झालंय. दोन्ही हिशोबांत तो खाली पोचतो. मोडणारा कण म्हणजे एक घड्याळच आहे आणि वेगात असताना त्याचं आयुष्य वाढलेलं दिसलं पाहिजे हे १९३८ मध्ये कुणी लिहून ठेवलं होतं माहितीये? होमी भाभांनी, तेव्हा ते केंब्रिजला होते. मोजमाप नंतर झालं, १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात केलं, आणि १९७७ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या रिंगमध्ये म्युऑन गोल फिरवून त्यांचं आयुष्य ६४ मायक्रोसेकंदांपर्यंत गेलेलं दाखवलं, पटीचा आकडा सूत्राने सांगितला तसाच होता.

ग्रॅव्हिटीचंही तसंच आहे, खाली घड्याळ हळू, वर जलद. हिशोब सोपा आहे, जमिनीजवळ दर मीटर उंचीला घड्याळ एकावर सोळा शून्यांतला एक भाग एवढं जलद होतं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे शिखरावर वर्षभर ठेवलेलं घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळाच्या साडेपाच ते सहा मायक्रोसेकंद पुढे जाईल. हे नुसतं कागदावर नाही, अमेरिकेत २०१० मध्ये दोन ऑप्टिकल, म्हणजे लेसरवर चालणाऱ्या अतिअचूक, अणुघड्याळांतली उंची फक्त ३३ सेंटिमीटरने बदलून हा फरक मोजला गेला.

जीपीएसची गोष्ट सगळे सांगतात पण त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग राहून जातो. जीपीएसच्या आधीचा चाचणी उपग्रह, एनटीएस-२, जून १९७७ मध्ये वर गेला तेव्हा त्यात सिझियमचं अणुघड्याळ होतं आणि सापेक्षतेची दुरुस्ती चालू करायची सोयही होती, पण ती बंद ठेवून पाठवला, कारण काही जणांना ही दुरुस्ती खरंच लागेल का याची खात्री नव्हती. २० दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. हिशोब सांगत होता की ते एक लाख कोटीला ४४६.५ भाग जलद जाईल, प्रत्यक्षात ४४२.५ भरलं. मग दुरुस्ती चालू केली. आजच्या जीपीएस उपग्रहात वेगामुळे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे ४५ ने पुढे जातं, बेरीज ३८ पुढे. प्रकाश तेवढ्या वेळात ११ किलोमीटरहून जास्त जातो. म्हणून घड्याळाचा ठोका कारखान्यातच किंचित हळू लावून पाठवतात, १०.२३ मेगाहर्ट्झच्या ऐवजी १०.२२९९९९९९५४३. शेवटच्या आकड्यापर्यंत आइन्स्टाईन आहे त्यात.

तेव्हा पुढे जाणं शक्य आहे का यावर वाद संपलेला आहे, प्रश्न फक्त खर्चाचा. एक किलो वजन प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला न्यायचं तर सुमारे पंधरा हजार कोटी युनिट वीज लागेल, आणि एवढं करून घड्याळ हळू होणार फक्त सातपट. उलट रॉकेटचा जोर पृथ्वीवरच्या वजनाइतकाच ठेवला आणि निम्मा रस्ता वेग वाढवत, निम्मा कमी करत गेलं तर आकाशगंगेचं केंद्र, २६,००० प्रकाशवर्षं लांब, प्रवाशाच्या घड्याळाने वीस वर्षांत गाठता येतं. इंधनाचा प्रश्न सोडला तर निसर्गाची काही हरकत नाही. परत याल तेव्हा इथं पन्नास हजारांहून जास्त वर्षं गेलेली असतील, पण परतीचं तिकीट फक्त जागेचं मिळतं, काळाचं मिळत नाही.

आता मागे. देवळाला प्रदक्षिणा घालताना तुम्ही एकदाही उलटं पाऊल टाकत नाही, सतत पुढेच चालता, तरी जिथून निघालात तिथंच येऊन पोचता. कारण रस्ता गोल आहे. भूतकाळात जायचं म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत अगदी हेच, काळाच्या दिशेने जाणारा पण वळून स्वतःलाच मिळणारा रस्ता, आम्ही त्याला बंद काळमार्ग म्हणू. त्यावरून जाणाऱ्या माणसाचं घड्याळ कधीच उलटं फिरत नाही, त्याचा ओडोमीटर पुढेच जातो, तो म्हाताराच होत जातो, फक्त तो ज्या घटनेपासून निघाला त्या घटनेला परत येऊन भिडतो. म्हणून मी म्हणतो की उलट्या घड्याळाची कल्पना सोडून द्या. प्रश्न असा आहे की असा गोल रस्ता असलेलं स्पेसटाइम असू शकतं का.

आइन्स्टाईनची समीकरणं याला साफ नाही म्हणत नाहीत, आणि हे ठसठशीतपणे दाखवलं कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये. तर्कशास्त्रातले गोडेल, तेच. प्रिन्स्टनला दोघं रोज बरोबर चालत घरी जायचे, आणि आइन्स्टाईनच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथासाठी गोडेलनी जी भेट तयार केली ती म्हणजे त्यांच्याच समीकरणांचं असं एक उत्तर ज्यात सगळं विश्व फिरतंय आणि ज्याच्या प्रत्येक बिंदूतून बंद काळमार्ग जातो. गोडेलना मशीन बनवायचं नव्हतं. त्यांचा मुद्दा असा होता की जिथं भूतकाळ पुन्हा गाठता येतो तिथं तो गेला असं म्हणायला अर्थच उरत नाही, आणि असं विश्व जर नियमांना मान्य असेल तर काळ वाहतो ही आपली समजूत नियमांतून येत नाही. आइन्स्टाईननी उत्तरात मान्य केलं की हा प्रश्न त्यांना सिद्धांत उभा करतानाच सतावत होता, आणि अशी उत्तरं भौतिक कारणांनी बाद करता येतील का हे तपासायला हवं असं लिहिलं. पुढचं सगळं संशोधन या एका वाक्यावर चाललंय असं मला वाटतं. आपलं विश्व तसं फिरत नाही हे आता मोजमापांवरून माहीत आहे आणि गोडेलचं विश्व प्रसरणही पावत नाही, त्यामुळे ते आपलं नव्हे, पण दार उघडलं गेलं ते गेलंच.

मधले काही प्रकार पटकन सांगून टाकतो. टिपलरनी १९७४ मध्ये फिरता सिलिंडर मांडला, पण तो अनंत लांबीचा लागतो. केरचं १९६३ चं फिरत्या कृष्णविवराचं उत्तर आत खोलवर बंद काळमार्ग दाखवतं, पण तो आतला भाग अस्थिर आहे, खऱ्या कृष्णविवरात तो तसा असेल यावर माझा विश्वास नाही. गॉटनी १९९१ मध्ये दोन कॉस्मिक स्ट्रिंग, म्हणजे ऊर्जेचे अतिबारीक धागे, जे असतील असा नुसता अंदाज आहे, एकमेकींजवळून नेल्या, त्याही अनंत लांब. हे सगळे कागदावर बरोबर आहेत आणि सगळ्यांत कुठंतरी अनंत किंवा अस्थिर असं काहीतरी लपलेलं आहे.

वर्महोल मात्र थांबून बघण्यासारखा आहे. १९३५ मध्ये आइन्स्टाईन आणि रोझेन यांना समीकरणांत दोन जागांना जोडणारा पूल दिसला, १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की तो इतक्या लवकर मिटतो की प्रकाशसुद्धा पलीकडे जात नाही. १९८० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ आणि लेखक कार्ल सेगन यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नना विचारलं की माझ्या कथेतल्या प्रवासासाठी शास्त्राला धरून काही सुचवा, आणि थॉर्ननी प्रश्न उलटा केला, आधी उघडा राहणारा बोगदा कागदावर काढला आणि मग समीकरणांना विचारलं की असा राहायला आत कुठला माल भरावा लागेल. १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्नचा पेपर आला. उत्तर आलं निगेटिव्ह एनर्जी, म्हणजे रिकाम्या जागेपेक्षाही कमी ऊर्जा.

का, ते समजायला कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण लागतं. त्याचा गाभा असा की नेहमीचं पदार्थ आणि नेहमीची ऊर्जा किरणांना एकत्र ओढते, भिंगासारखी. किरणांचा झोत एकदा आकसायला लागला की तो आकसतच जातो आणि शेवटी एका बिंदूत मिळतो. आता वर्महोलच्या तोंडातून झोत आत सोडा, तो मधल्या अरुंद गळ्यापर्यंत आकसतो आणि पलीकडे गेल्यावर त्याला परत फाकावं लागतं. आकसणारा झोत फाकवायचा म्हणजे तिथली ग्रॅव्हिटी ढकलणारी हवी, आणि तशी ग्रॅव्हिटी निगेटिव्ह एनर्जीच देते. मी हे फळ्यावर काढतो तेव्हा एक क्षण वर्गात शांतता होते, कारण दोन ओळींच्या समीकरणाने अख्ख्या कल्पनेची किंमत सांगितलेली असते. किंमत किती? एक मीटरचा गळा उघडा ठेवायला गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या जवळपास, आणि तेही ऋण.

निगेटिव्ह एनर्जी अगदीच काल्पनिक नाही. १९४८ मध्ये डच शास्त्रज्ञ कॅसिमिर यांनी दाखवलं की निर्वातात धातूच्या दोन प्लेट अगदी जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि मधल्या जागेतली ऊर्जा रिकाम्या जागेपेक्षा कमी होते. १९९७ मध्ये लॅमोरो यांनी ते अचूकपणे मोजलं. एक मायक्रॉन अंतरावर हा दाब अगदी नगण्य असतो, दहा नॅनोमीटरवर मात्र वातावरणाच्या दाबाएवढा. पण प्लेटचं स्वतःचं वस्तुमान धरलं तर एकूण हिशोब धनच राहतो. आणि फोर्ड आणि रोमन यांनी १९९० च्या दशकात याहून कडक नियम काढला, निगेटिव्ह एनर्जी म्हणजे सावकाराकडची उसनवारी आहे, जेवढी मोठी रक्कम उचलाल तेवढ्या लवकर फेडावी लागते आणि व्याजासकट, नंतर येणारी पॉझिटिव्ह एनर्जी उचललेल्यापेक्षा जास्तच असते. त्यांनी हा नियम वर्महोलला लावला तर माणूस जाईल असा वर्महोल जवळपास अशक्य कोटीत गेला.

तरी समजा तो मिळाला. मग टाइम मशीन बनवणं आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे. एक तोंड नाशिकला घरात ठेवा, दुसरं २०३० मध्ये रॉकेटमध्ये घालून प्रचंड वेगाने फिरवून आणा. बाहेरून बघितलं तर दहा वर्षं गेली, रॉकेट २०४० मध्ये परत आलं, पण रॉकेटमधल्या तोंडाजवळच्या घड्याळात एकच वर्ष गेलंय, २०३१ आहे. आणि आतल्या वाटेने बघितलं तर दोन्ही तोंडांची घड्याळं कायम जुळलेली, कारण आतल्या वाटेला कुणी हलवलेलंच नाही. म्हणजे २०४० मध्ये रॉकेटच्या तोंडातून आत पाय टाकला की घरातल्या तोंडातून २०३१ मध्ये बाहेर. बघा, इथं पुन्हा कुणाचंही घड्याळ उलटं फिरलेलं नाही, रस्ता फक्त गोल झाला. आणि या मशीनने २०३० च्या आधी जाताच येत नाही, ते तयार झाल्याआधी बाहेर पडायला तोंडच नव्हतं. म्हणून भविष्यातले प्रवासी आज का दिसत नाहीत हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनी २८ जून २००९ ला टाइम ट्रॅव्हलर लोकांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं नंतर जाहीर केली, कुणी आलं नाही, पण अशा मशीनचा प्रवासी २००९ मध्ये येऊच शकला नसता.

हॉकिंगचं खरं काम १९९२ चं आहे, त्यांचा अंदाज असा की निसर्ग बंद काळमार्ग तयारच होऊ देत नाही. कारण समजायला गणपतीच्या मांडवात स्पीकरसमोर माईक धरला की काय होतं ते आठवा. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत स्पीकरमध्ये, फिरून फिरून क्षणात कान फाटेल अशी शिट्टी. वर्महोल टाइम मशीन व्हायच्या अगदी टोकाला आला की रिकाम्या जागेतली क्वांटम थरथर त्यातून जाऊन निघाल्याच क्षणी परत येते, स्वतःवरच साचते, पुन्हा जाते, आणि ऊर्जा इतकी वाढते की रस्ताच कोलमडावा. किम आणि थॉर्न यांचा हिशोब होता की ही वाढ शेवटच्या क्षणी अडू शकते. १९९७ मध्ये के, रॅडझिकोव्स्की आणि वॉल्ड यांनी मात्र प्रमेयच मांडलं, की मर्यादित जागेत बनवलेल्या अशा मशीनच्या उंबरठ्यावर आपले क्वांटम नियम नीट लावताच येत नाहीत. म्हणजे तिथं स्फोट होतो असंही ठाम म्हणता येत नाही आणि होत नाही असंही नाही. पुढचं सांगायला ग्रॅव्हिटीचा क्वांटम सिद्धांत लागतो आणि तो अजून कुणाकडे पूर्ण नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर हॉकिंगचा अंदाज खरा ठरेल, पण मत म्हणजे सिद्धता नव्हे, आणि हा प्रश्न मला जिवाभावाचा वाटतो तो याचसाठी की मशीन बनो न बनो, सापेक्षता आणि क्वांटम या आपल्या दोन सगळ्यात चांगल्या सिद्धांतांची शिवण नेमकी इथं उसवते.

आता आजोबा. माणूस आणला की इच्छा, मन सगळं मध्ये येतं, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पोल्चिन्स्की यांनी प्रश्न बिलियर्डच्या चेंडूवर आणला, आपण कॅरमचा स्ट्रायकर घेऊ. स्ट्रायकर एका तोंडात जातो, तीन सेकंद आधी दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो आणि स्वतःलाच असा धडकतो की तो आत जाणारच नाही. मग बाहेर कोण आलं? १९९१ मध्ये थॉर्न आणि दोन विद्यार्थ्यांनी गणित केलं, तर सुसंगत उत्तर निघालं. बाहेर आलेला स्ट्रायकर पूर्ण धडक देतच नाही, तो ओझरता घासून जातो, त्या घासण्याने पहिला थोडा वाकडा होतो पण आत जातोच, आणि वाकडा गेला म्हणूनच बाहेर येताना तो ओझरता घासतो. सगळं जुळलं. रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्ह यांचं म्हणणं हेच की जे स्वतःशी जुळतं तेवढंच घडतं, झालेलं बदलता येत नाही. डॉइच यांनी १९९१ मध्येच क्वांटम पद्धतीनेही दाखवलं की जुळणारी अवस्था नेहमी सापडते. पण खरी गोम पुढे आहे, स्ट्रायकरच्या एकाच सुरुवातीला जुळणारी उत्तरं एक नाही, अनंत निघाली. आजोबा वाचतात हो, पण आत्ताची स्थिती माहीत असली तर पुढचं सांगता येतं हा जो आपला भौतिकशास्त्राचा पाया आहे तो वाचत नाही. लोक आजोबांवर अडतात, माझ्या मते अडायला पाहिजे इथं.

राहिली २०२२ ची बातमी. गुगलच्या क्वांटम चिपवर नऊ क्युबिट, म्हणजे क्वांटम बिट, वापरून एका सोप्या मॉडेलचं गणित चालवलं होतं, ज्या मॉडेलचं दुसऱ्या भाषेतलं रूप वर्महोलसारखं मानता येतं. लॅबमधल्या जागेत कुठलंही भोक पडलं नाही, आणि त्या मॉडेलमध्ये वर्महोलची लक्षणं खरंच होती का यावरही नंतर बरेच आक्षेप आले. त्यामागचा सिद्धांत मात्र सुंदर आहे. २०१७ मध्ये गाओ, जॅफरिस आणि वॉल यांनी निगेटिव्ह एनर्जी नियमांत बसवून जाण्याजोगा वर्महोल काढला, २०१८ मध्ये माल्दासेना, मिलेखिन आणि पोपोव्ह यांनी आपल्या चार मितींत, म्हणजे जागेच्या तीन आणि काळाची एक, काढला, आणि त्यांचा निष्कर्ष बघा, अशा वर्महोलमधून जायला बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्तच वेळ लागतो. म्हणजे बोगदा मिळतो पण शॉर्टकट मिळत नाही, आणि शॉर्टकट नसेल तर मघाचं नाशिकचं मशीन बनत नाही.

तुमच्याकडे दुसऱ्या वर्षाचं कॅल्क्युलस आहे, तेवढ्यावर म्युऑनचा आणि वीस वर्षांच्या रॉकेटचा असे दोन्ही हिशोब होतात, ते एकदा हाताने करा. रॉकेटचा करताना वर्ष आणि प्रकाशवर्ष हीच एककं घ्या, त्यात पृथ्वीचं त्वरण जवळपास १.०३ येतं. उत्तर वीसच्या आसपास आलं नाही तर निम्म्या रस्त्याचं गणित करून दोनने गुणायचं राहिलंय का ते आधी बघा, आमच्याकडे बहुतेकांचं तिथंच चुकतं.